आत्याची खुशाली न विचारणारा निरोप

मित्रांनो, माझ्या पाठीवरचं झाकण केव्हाच हरवलं आहे. बॅटरी निसटू नये म्हणून माझ्या अंगावर दोन रबरबँड चढवलेले आहेत. पाच आणि आठ या बटणांवरचे आकडे पुसून गेले आहेत, आणि मला चार्जिंगला लावायचं असेल तर वायरवर एक शंख वजन म्हणून ठेवावा लागतो. मी एक जुना बटणांचा फोन आहे. टोंगाच्या हापाई बेटांपैकी एका छोट्याशा बेटावर, लोसालिनेबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर माझा मुक्काम असतो. आम्हा फोनांचा स्वभावच मुळी अस्वस्थ, कारण आमचं सगळं आयुष्य कुणाच्या तरी हाकेची वाट बघण्यात जातं. तरीही गेल्या सप्टेंबरात माझा जीव जसा टांगणीला लागला होता, तसा तो आधी कधी लागला नव्हता.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे हजारो भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते. पुढे खोक्यात बसून, जहाजातून हेलकावे खात मी टोंगाच्या राजधानीतल्या, नुकुअलोफाच्या एका दुकानात पोहोचलो. तिथून मला सेमिसीने विकत घेतलं. तो तेव्हा धक्क्यावर माल उतरवायचं काम करायचा, आणि मी त्याच्या पहिल्या पगाराची खरेदी होतो. काय मिरवायचा तो मला! त्याच्या दोस्तांनी मला हातोहात फिरवलं, माझ्या घंटीचा सूर ऐकून माना डोलावल्या. मी दोनदा समुद्राच्या पाण्यात पडलो आणि दोन्ही वेळा तांदळाच्या डब्यात झोपून बरा झालो. पुढे मोठ्या काचेचे फोन आले आणि माझं कौतुक ओसरलं. सेमिसी फळबागांत काम करायला ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा त्याने मला आईच्या हातात दिलं.

त्या दिवसाची एक गोष्ट सांगायलाच हवी. सेमिसीने बागेतल्या कामासाठी नवेकोरे बूट आणले होते. निरोप द्यायला त्याची फूसी आत्या आली. आमच्याकडे आत्या म्हणजे घरातली मानाने सर्वांत मोठी व्यक्ती. तिच्यापुढे कुणाचं चालत नाही, आणि भाच्याची एखादी वस्तू तिच्या मनात भरली की ती तिची झाली. आत्याने बूट पायात घालून पाहिले, अंगणात चार पावलं टाकली आणि म्हणाली, "बरे आहेत." संपलं. सेमिसी चप्पल घालून विमानात बसला. जाताना हसत तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "आत्या, पाय तेवढे राहू दे माझे. फळं काढायला लागतील."

त्यानंतर माझ्याकडे दोन मोठी कामं आली. एक म्हणजे सेमिसीचा आवाज आईपर्यंत पोहोचवणं. दुसरं, तो दर महिन्याला पाठवायचा ते पैसे माझ्या सिमकार्डावरच्या खात्यात सांभाळणं. ते पैसे पावसाचं पाणी साठवायच्या नव्या टाकीसाठी होते. जुन्या टाकीला वादळात तडा गेला होता आणि लोसालिनेबाई शेजाऱ्यांकडून बादल्या उसन्या भरून आणत होत्या. आमच्या बेटावर विहिरीचं पाणी खारट लागतं.

आता आमच्या गावची रीत ऐका. इथे कुणाच्याच फोनमध्ये फारसा बॅलन्स नसतो. म्हणून ज्याला बोलायचं असतं तो एकच घंटी देतो आणि ठेवून देतो. ज्याला परवडेल त्याने उलट फोन करायचा. एखाद्याच्या मिस्ड कॉलला उलट फोन न करणं म्हणजे दारात आलेल्याला बस न म्हणणं. कुणी गेलेलं असतं, कुणाची बोट बंद पडलेली असते, कोण जाणे.

सप्टेंबरात सेमिसीचा फोन यायचा बंद झाला. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा लागला. त्याचा नंबर लावला की बंद असल्याचं सांगणारी बाई बोलायची. लोसालिनेबाई मला सगळीकडे बरोबर नेऊ लागल्या. गावातल्या बायका झाडाच्या सालीचं कापड करायला एकत्र बसायच्या, तेव्हा त्या मला लाकडी ओंडक्याच्या टोकाशी ठेवायच्या. बायका मोगऱ्यांनी साल ठोकायच्या आणि प्रत्येक ठोक्याला मी थरथरायचो. दर वेळी बाईंना वाटायचं, मी वाजतोय.

आणि एका दुपारी मी खरंच वाजलो. एकच घंटी. नंबर अनोळखी, परदेशातला.

मित्रांनो, मला नंबर दिसतो, पलीकडचा माणूस दिसत नाही. बाईंनी मला उचलून धावत आडोशाला नेलं आणि उलट फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता. कुणी बोलेना. बाई कानाला लावून उभ्याच. "सेमिसी? अरे, मी आहे. ऐकू येतंय का?" माझ्यातला बॅलन्स बघता बघता वितळत होता आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं की बाई, ठेवा, तिकडे कुणी नाही. शेवटी सगळा संपला आणि मी मुका झालो.

त्यांनी दुसऱ्या दिवशी रिचार्ज केलं. पुन्हा एक घंटी आली. पुन्हा तोच बँड. बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. गावात त्यांना शहाणी बाई म्हणून मान होता आणि लाज ही आमच्याकडे भुकेपेक्षा मोठी असते.

तिसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा रिचार्ज केलं आणि मेसेज आला, इंग्रजीत. बाईंना इंग्रजी जेमतेम येतं आणि माझी अक्षरं तर मुंगीएवढी. त्या मला घेऊन तडक फूसी आत्याकडे गेल्या. आत्या पूर्वी शाळेत शिकवायची. ती पायरीवर बसून नीरफणस सोलत होती, पायात अर्थातच ते बूट. तिने हात पुसले, चष्मा चढवला आणि वाचलं.

"आई, माझा फोन पाण्यात पडला. हा नवा नंबर. तुझ्या फोनवर आता सहा आकडे येतील, ते मला लगेच पाठव. घाई आहे."

लोसालिनेबाई म्हणाल्या, "आहे गं बाई. जिवंत आहे माझा लेक."

त्याच क्षणी माझ्या पोटात ते सहा आकडे येऊन पडले. खात्याचं कुलूप उघडणारे आकडे. मी कंप पावलो, तेवढंच माझ्या हातात होतं.

"वन्सं, आले बघा आकडे. द्या पाठवून."

आत्या हलली नाही. तिने मेसेज पुन्हा वाचला. मग खाली वर करून बघितलं, अजून काही लिहिलंय का.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच म्हणजे? फोन बुडाला त्याचा."

"माझं नाव कुठाय?"

"अहो, घाईत असेल पोरगं."

"घाईत तो जेवण विसरेल. पाच महिन्यांत त्याचा एक फोन दाखव, ज्यात आधी माझी खुशाली विचारली नाही. आणि आज टाकीचे पैसे मागतो तो मला न विचारता?"

"पैसे कुठे मागतोय? आकडे मागतोय."

"कसले आकडे आहेत, माहीत आहे तुला?"

त्यांना माहीत नव्हतं. आकड्यांच्या मेसेजमध्ये मात्र इंग्रजीत चक्क लिहिलेलं होतं की हे आकडे कुणालाही देऊ नका. आत्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"कुणालाही म्हणजे परक्याला," बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "तो परका आहे का? तिकडे अडकला असेल, उपाशी असेल, आणि आपण इथे मानपान करत बसलोय. तुमच्या एका खुशालीपायी माझं लेकरू जाईल, वन्सं."

असं आत्याला कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण आत्या फक्त आपल्या पायांकडे बघत राहिली. मग माझ्या बटणांवर बोट ठेवून, पुसलेला पाच आणि आठ चाचपडत, तिने सावकाश लिहिलं: निघताना आत्याने तुला काय दिलं, ते सांग.

मी तो निरोप पाठवला. उत्तर यायला मिनिटही लागलं नाही.

"आत्याची भेट अजून जपून ठेवली आहे, आई. खूप छान होती. आता आकडे पाठव."

आत्याने ते वाचलं आणि दोन्ही पाय पुढे लांब केले. बूट उन्हात चमकले.

"मी दिलं?" ती म्हणाली. "मी? आख्ख्या बेटाला विचार, मी कधी कुणाला काही दिलंय का!"

लोसालिनेबाई हसल्या आणि हसता हसता रडल्या. रडत रडतच त्यांनी सगळं सांगून टाकलं. एकेक घंटी, तो बँड, दोनदा संपलेला बॅलन्स. "मला लाज वाटली हो, वन्सं. म्हणून बोलले नाही."

आत्याने नीरफणसाची सालं गोळा केली. मग खालमानेने म्हणाली, "तो बँड मीसुद्धा ऐकलाय. गेल्या महिन्यात. पूर्ण ऐकला. मला वाटलं, चर्चचा आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"मी आत्या आहे ना," ती म्हणाली.

त्या दिवशी दोघी मला घेऊन गावातल्या व्हिलियामीच्या दुकानात गेल्या. फसवे मेसेज कोणत्या नंबरला पाठवायचे त्याचा कागद तिथल्या भिंतीवर डकवलेला होता. त्याच्यावर साबणाच्या जाहिराती चिकटवून तो निम्मा झाकून गेला होता. आत्याने जाहिराती सोलून काढल्या. खाली लिहिलं होतं की अशा परदेशी घंटीला उलट फोन लावला की त्याचे भलतेच पैसे लागतात आणि ते ठगांना मिळतात, म्हणून ते बँड वाजवून माणसाला धरून ठेवतात. मेसेज जसाच्या तसा, एक अक्षर न बदलता, मी पुढे पाठवला. घंटी देणारा नंबरही कळवला. मग आत्या बूट वाजवत सालीचं कापड ठोकणाऱ्या बायकांमध्ये गेली आणि उभ्यानेच बोलली, "ऐका. मी फसले. लोसालिनेही फसली. अजून कोण कोण?"

मोगऱ्या थांबल्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग एक हात वर आला, मग आणखी एक. अकरा जणींपैकी सात हात. कुणालाच दुसरीचं माहीत नव्हतं.

पण सेमिसी कुठे होता? ते अजून कुणालाच कळलेलं नव्हतं. खोटा मुलगा ओळखला म्हणून खरा सापडत नाही. त्यानंतरचे चार दिवस लोसालिनेबाईंनी मला उशाशी घेतलं, पण माझ्याकडे बघायची त्यांना भीती वाटायची. शनिवारी सकाळी मी वाजलो. एकच घंटी. परदेशातला, अनोळखी नंबर. बाईंचा अंगठा हिरव्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. मी आतून तळमळत होतो. असेल तो, नसेल तो. मला खरंच माहीत नव्हतं. बाईंनी डोळे मिटले आणि अंगठा उचलला. मुलाच्या घंटीला उत्तर न देण्यासाठी केवढं काळीज लागतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

थोड्या वेळाने मेसेज आला. आमच्याच भाषेत होता, त्यामुळे बाईंनीच तो वाचला, अक्षर अक्षर लावून.

"आई, आत्या बरी आहे का? आम्हाला लांबच्या बागेत नेलं होतं, तिथे फोन लागत नव्हता. हा मुकादमाचा नंबर आहे. आत्याला सांग, इथे बूट फुकट मिळाले. घट्ट आहेत, तिला होणार नाहीत."

बाई आत्याच्या घराकडे पळाल्या. मी त्यांच्या मुठीत होतो, रबरबँडसकट. आत्याने चष्मा लावून मेसेज वाचला, मग परत वाचला, आणि मला छातीशी धरलं. "हा आपला," ती म्हणाली. मला आजवर असं कुणी धरलं नव्हतं.

मित्रांनो, आता नवी टाकी अंगणात उभी आहे आणि माझे दिवस भरत आले आहेत. मला नवं झाकण नको, माझी बटणं रंगवायलाही नकोत. एवढंच करा, की मी वाजलो म्हणून लगेच माझ्यावर विश्वास ठेवू नका. जो कुणी घाई करेल, त्याला असं काही विचारा, जे फक्त तुमच्या घरात माहीत असतं. आणि कधी फसलात, तर माझ्यासारखे मुके राहू नका. मला तोंड नाही म्हणून मी गप्प होतो. आत्याला तोंड होतं, आणि तिने ते महिनाभर मिटून ठेवलं, म्हणून लोसालिनेबाईंना तो बँड दोनदा ऐकावा लागला.