सत्तावीस आणि एकेचाळीस

चंद्रशेखरने प्रोजेक्टर थांबवला आणि खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. समोरच्या कोचच्या ऑफिसातून उल्हास बाहेर पडत होता. या आठवड्यातली ही तिसरी खेप, आणि एकदाही गडी आपणहून काही बोलला नव्हता.

दोघे अमेरिकेत एकाच प्रोफेसरांकडे स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करत होते. युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमने, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या, डिपार्टमेंटकडे एक प्रश्न पाठवला होता. चेंडू घेऊन पळणारे दोन हुकमी खेळाडू, सत्तावीस नंबर आणि एकेचाळीस नंबर, यांना एकदम मैदानात उतरवावं की आलटूनपालटून? मॅचच्या फिल्म बघून दोघांनी वेगवेगळे रिपोर्ट द्यायचे होते. ते आधी कोचकडे, मग प्रोफेसरांकडे. पंच्याऐंशी सालच्या जानेवारीपासून पगारी असिस्टंटशिप एकच उरणार होती. ज्याला ती मिळणार नाही, त्याने सामान बांधून भारतात परतायचं.

"उल्हासभावजींवर काय संशय घेतोस?" त्याची बायको वसुधा सकाळीच म्हणाली होती. "आपल्याच घरी जेवतात ते दर रविवारी."

"म्हणूनच," चंद्रशेखर म्हणाला होता. केसाने गळा कापणारे गोडबोलेच असतात, हे त्याचं ठाम मत. तिला सातवा महिना होता, म्हणून पुढचं त्याने गिळलं.

त्याचा स्वतःचा रिपोर्ट सोमवारीच गेला होता. सत्तावीसच्या हाती चेंडू असला की एकेचाळीस नुसता भरकटतो. जळतो मेला, दुसरं काय? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. एकेचाळीसला बाकावर बसवा, असं त्याने स्वच्छ लिहिलं होतं.

दार उघडून म्हातारे कोच हॉलिस आत आले.

"फिल्म लाव," ते म्हणाले. "काय बघतोस तू?"

"चेंडू, सर."

"वाटलंच मला."

हॉलिस पडद्यापाशी गेले आणि पळणाऱ्या सत्तावीसवर त्यांनी आपला रुंद पंजा धरला. चेंडू दिसेनासा झाला. तेव्हा चंद्रशेखरला एकेचाळीस दिसला. डोकं खाली घालून तो समोरच्या टीमच्या दीडपट आडव्या गड्यावर जाऊन आदळला, दोघे भुईसपाट झाले, आणि मोकळ्या झालेल्या वाटेने हॉलिसांचा पंजा पुढे सरकत गेला. दुसऱ्या फिल्ममध्ये तेच, तिसऱ्यातही तेच. लहानपणापासून क्रिकेट बघितलेला माणूस, चेंडू जिथे नजर तिथे. त्याला स्वतःची लाज वाटली.

"तुझा मित्रही आधी असाच चुकला होता," हॉलिस म्हणाले. "माझ्या टेबलावर तुझा रिपोर्ट दिसला त्याला. तेव्हापासून मागे लागलाय. याला पुन्हा फिल्म दाखवा, तोवर रिपोर्ट पुढे पाठवू नका. घरी बाळ येणार आहे म्हणे तुझ्या. मी सांगितलं असं बोलू नकोस हं त्याला."

चंद्रशेखरचे कान तापले. पण हॉलिसांची पाठ वळताच मनातला किडा पुन्हा वळवळला. आपण चुकत होतो, तर याने चुकू का दिलं नाही? यात याचा डाव काय?

रिपोर्ट बदलून तो चार वाजता प्रोफेसरांच्या खोलीत पोचला. उल्हास आधीच बसला होता.

"उत्तर दोघांचं एकच आहे," प्रोफेसर म्हणाले. "दोघांना एकत्र खेळवा. चेंडू नसलेला दुसऱ्यासाठी वाट काढतो. ही गोष्ट आधी कोणाच्या लक्षात आली?"

चंद्रशेखरने उल्हासकडे बघितलं. आता सांगणार हा, यासाठीच तर सगळं चाललं होतं.

"चंद्रशेखरच्या," उल्हास म्हणाला. "मी चेंडूच बघत बसलो होतो, सर."

प्रोफेसर चंद्रशेखरकडे वळले. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलाही. त्याने हातातल्या कागदांच्या कडा जुळवल्या, मग पुन्हा जुळवल्या.

"येस, सर," तो म्हणाला.

प्रोफेसर हात पुढे करून टेबलामागून निघाले. खोली अरुंद होती. उल्हास उठला आणि खुर्ची भिंतीला टेकवून त्याने त्यांना वाट करून दिली.