कचरापेटीतला आवाज

त्याला घरात भिंगरी म्हणत. नाव आईनेच ठेवलेलं, आणि पन्नाशी आली तरी ते चिकटूनच होतं. विजेचे मीटर तपासायची नोकरी, म्हणजे दिवसभर जिने चढायचे नि उतरायचे. घरी आल्यावर तरी माणसाने बूड टेकावं की नाही? पण हा नळाची गळती बघणार, बिजागऱ्यांना तेल घालणार, बरं चाललेलं घड्याळ उघडून बसणार. हौस दांडगी. निस्तरायला आई.

आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा वाचा-उपचाराच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की आवाज परत येणार नाही. मात्र ऑपरेशनआधी आईने त्यांनी दिलेली वाक्यं मोठ्याने वाचून कॉम्प्युटरवर साठवली, तर पुढे एक छोटं यंत्र मिळेल. आई त्यावर जे टाइप करेल, ते यंत्र तिच्या आवाजात बोलून दाखवेल. मग आई रोज संध्याकाळी दार लोटून घेऊन वाचत बसायची. ऑपरेशन झालं की ती वाक्यं बाईंकडे द्यायची, असं ठरलं होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आई इस्पितळात असताना भिंगरीला खुर्चीत बसून राहणं काही जमेना. तो सारखा घरी यायचा आणि काहीतरी साफ करायचा. माळा झाला, कपाटं झाली, मग रखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरची पाळी आली. नको त्या फाइली त्याने उडवल्या आणि शेवटी स्क्रीनवरची कचरापेटी रिकामी करून टाकली. घर लखलखीत झालं म्हणून स्वतःवरच खूश होता.

आई घरी आली. बाईंनी फोन करून वाक्यं मागवली. भिंगरीने सगळा कॉम्प्युटर पालथा घातला, पण काही सापडेना. आईला विचारलं, तर तिने पाटीवर लिहिलं, ‘कचरापेटीत.’ तो उठून ओट्याखाली बघायला निघाला, तेव्हा तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

खरं तर हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. घराची किल्ली फाटक्या मोज्यात, बांगड्या पॉलिशच्या वाळक्या डबीत, ही तिची जन्माची रीत. भंगारात कोण हात घालतंय, असं तिचं म्हणणं. आईने खाली आणखी एक ओळ लिहिली, ‘तू हात लावशील म्हणून.’ तेही खोटं नव्हतं. त्याला ती वाक्यं दिसली असती, तर मधले श्वास कापून आवाज मोठा करून त्याने त्यांची वाट लावली असती.

“आई,” तो म्हणाला, “मी ती पेटी रिकामी केली.”

आईने त्याच्याकडे बघितलं. मग पाटी पुसली आणि कोरीच बाजूला ठेवली.

रागावली असती तर बरं, असं त्याला वाटलं. आता स्वस्थ बसेल तर तो भिंगरी कसला? गेलेल्या फाइली परत आणणारा एक प्रोग्राम त्याने कॉम्प्युटरवर उतरवला. तो अडला म्हणून दुसरा, दुसऱ्याचा भरवसा वाटेना म्हणून तिसरा. हात थांबेनात. शेवटी कॉम्प्युटरचा डबा काखेत मारून त्याने दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुकानातल्या बाईने सगळं ऐकून घेतलं, डबा उघडून डिस्क काढली आणि आपल्या मशीनला जोडली. फाइल उडवली की लगेच नाहीशी होत नाही, ती म्हणाली. तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदवली जाते. दुसरं काही तिथे येऊन बसेपर्यंत जुनं तसंच पडून असतं.

“ते प्रोग्राम तुम्ही कुठे उतरवलेत?”

“ह्याच्यावरच.”

“मग ते जाऊन त्याच जागेत बसले असणार.”

“आणि मी काहीच केलं नसतं तर?”

“तर बहुतेक सगळं मिळालं असतं,” ती म्हणाली आणि कामाला लागली.

तो स्टुलावर बसला, उठला, पंख्याचं बटण बघून आला. थोड्या वेळाने बाई म्हणाली की तुमच्या पायाने टेबल हलतंय, जरा बाहेर थांबा. तो गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा, काचेतून डोकवायचा. भीती एकच होती. आईचा आवाज त्याला आत्ताच नीटसा आठवेना.

शेवटी थोड्याच फाइली हाती आल्या. वाचून झालेली चांगली वाक्यं गेली होती. उरली ती आईनेच फसली म्हणून टाकून दिलेली. यंत्राला आईचा आवाज घडवायला एवढं पुरणार नाही, असं वाचा-उपचाराच्या बाईंनी फोनवर सांगितलं. फार तर आहेत ती वाक्यं एकेका बटणावर ठेवता येतील.

घरी त्याने ती आईसमोर लावली. घशाच्या पट्टीवर हात ठेवून ती ऐकत होती.

“आज हवा कोरडी आहे आणि...” मग दार वाजल्याचा आवाज. “काय रे? चहा झाकून ठेवलाय.” पुढच्यात, “दार हळू लाव.” त्याच्या पुढच्यात, “मोज्यात बघ, किल्ली तिथेच आहे.” प्रत्येक वाक्य फसलं होतं, कारण प्रत्येक वेळी तो मध्येच आत शिरला होता.

शेवटच्यात आई वाचता वाचता थांबली होती. “भिंगरी, बस की रे जरा माझ्यापाशी.” त्यावर त्याचाच आवाज, “आलोच.” लांब जाणारी पावलं. त्यानंतर कुणी बोलत नव्हतं. फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, बराच वेळ. तिने रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं. वाट बघितली होती.

भिंगरीला रडू फुटलं. ते लपवायला तो स्पीकरची वायर सैल आहे, बघतो, असं पुटपुटत उठला. आईने माउस ओढून घेतला आणि ती फाइल पुन्हा लावली.

“भिंगरी, बस की रे जरा माझ्यापाशी.”

तो बसला. पाय मात्र हलत राहिला, तेव्हा आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.