शालनच्या डोहाचं गवत

हिवाळ्यातलं कोवळं ऊन काचेच्या पेटीतल्या पाण्यातून गाळून आलं, की शालनच्या मनगटावर हिरव्या लाटा हलत असत. हात कोपरापर्यंत पाण्यात, पदर कमरेला घट्ट खोचलेला, मान किंचित कललेली, आणि ओठ असे मिटलेले, जणू तान्ह्या बाळाची नखं कापायला बसली आहे. पाण्यातलं ते लांब, रिबिनीसारखं गवत तिच्या बोटांभोवती सळसळे आणि ती एकेका पात्यावरचं शेवाळ चिमटीने निपटून काढी. आवाज म्हणाल तर बांगड्या काचेला लागल्याचा, एवढाच. माझी ही धाकटी जाऊ आता नाही. पण तिची आठवण निघाली की मला आधी रडू येत नाही, आधी राग येतो. आणि तो राग मी आज मोकळा करणार आहे, कुणाला वाईट वाटलं तर वाटो.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरांच्या ओंजळीत तिचं माहेर होतं. गावाला वळसा घालून नदी जाई, आणि त्या वळणावर एक डोह होता. काठाला बायका धुणं धूत, आणि तळाशी हे गवत प्रवाहाच्या दिशेने विंचरलेल्या केसांसारखं निजलेलं असे. नव्वदच्या दशकात धरणाची भिंत चढत गेली आणि गाव उठलं. लोकांनी दारं-चौकटी काढून नेल्या, देव नेले, कुणी कुणी तर उंबरेसुद्धा उखडून नेले. शालन तेव्हा आमच्या पिंपरी पेंढारच्या घरी नांदत होती. ती त्या गावात शेवटची जाऊन आली आणि येताना कळशीत घेऊन आली ते डोहातलं मूठभर गवत, मुळांना वाळू चिकटलेलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"माह्यारानं साडी दिली न्हाई, गवत दिलं व्हय गं?"

"साडी फाटती, आत्याबाई," शालन म्हणाली आणि हसली. तिचं हसणं असंच होतं, विहिरीत कुणी हळूच बादली सोडावी तसं. वरून थोडं, आत पुष्कळ.

तिचे यजमान, म्हणजे माझे दीर दिनकर भाऊजी, यांचं आळेफाट्याला शेतीच्या औषधांचं दुकान. गिऱ्हाइकाचे डोळे दिपावेत म्हणून त्यांनी पुण्याहून ही काचेची पेटी आणि लाल मासे आणले होते. हौस फिटली, मासे मेले, पेटी घरच्या माळ्यावर चढली. शालनने ती उतरवली, चिंचेने घासली, तळाला नदीची वाळू घातली आणि गवत रोवलं. आधी ते रुसलं, पिवळं पडलं. मग एका रोपाने वाळूखालून धागा सोडला आणि चार बोटांवर दुसरं रोप उभं केलं, त्याने तिसरं. भाऊजींनी खुशीने पुन्हा लाल मासे आणले. गाव पाण्याखाली गेलं होतं, आणि गावाचं पाणी आमच्या सोप्यात उभं होतं. तिच्या आई-बापाला कुठे माळावर पत्र्याची घरं मिळाली होती. तिथे माहेर म्हणावं असं काही उगवतच नव्हतं. तिचं माहेर म्हणजे हे गवत. हे मला कळत होतं, तिला कळत होतं. बाकी घराला ती शोभेची वस्तू होती.

आणि हिरव्याला हिरवाच वैरी असतो, बघा. शेवाळ आलं. आधी काचेवर सायीसारखं, मग पात्यांच्या कडांना काळ्या लवेसारखं, मग केसांच्या गुंत्यासारखं, गवताचा गळा धरणारं. शालन त्याच्याशी भांडत नसे, त्याची समजूत काढल्यासारखी वागे. गुंता काडीला शेवयांसारखा गुंडाळून काढायचा. काच काथ्याने पुसायची. पाणी एकदम नाही, थोडं थोडं बदलायचं, तेही नळाचं नाही, विहिरीचं. नळी तोंडाने ओढून तळची घाण बाहेर काढायची, ट्रॅक्टरचं डिझेल काढतात तशी. ऊन चढलं की खिडकीला गोणपाट लावायचं. कुणाकडून शिकली? कुणाकडून नाही. डोह कसा राहतो ते तिने लहानपणी पाहिलं होतं. सावली हवी, वाहतं हवं, घाण कमी हवी.

आता माझा राग ऐका. सासूबाईंना कुणा महाराजाने सांगितलं, घरावर साडेसाती आहे, माशांना कणकेच्या गोळ्या घाला. खरं म्हणजे त्या घालायच्या नदीला जाऊन. पण नदी लांब, गुडघे दुखतात, आणि मासे तर सोप्यातच! झालं. सकाळी सासूबाईंच्या गोळ्या, संध्याकाळी शेजारच्या हौसाबाईंच्या, शनिवारी अर्ध्या आळीच्या. पुण्य एवढं घरपोच मिळायला लागल्यावर कोण सोडतो? मासे खाऊन खाऊन किती खातील? उरलेली कणीक वाळूत कुजायची, पाण्याला आंबूस वास यायचा, आणि शेवाळाला दिवाळी.

शालनने हात जोडून सांगितलं, "आत्याबाई, एक गोळी घाला, पर एकच."

"मुक्या जिवाच्या घासाला आडवी येतीस? पाप लागंल."

हौसाबाई वर मान वेळावून म्हणायच्या, "अगं, शेवाळ म्हंजी पाण्यानं हिरवं लुगडं नेसलंय. नेसू दे की! तुझ्या बापाचं काय जातंय?"

बापाचं जे जायचं ते गेलंच होतं, हौसाबाई. जे उरलं होतं ते तुम्ही तुमच्या पुण्यात बुडवत होता. मी हे तेव्हाही तोंडावर बोलले होते. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडचं ताक नेणं बंद केलं. बरं झालं!

शालन मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा पदर खोचून उभी. तिचा तो संयम मला देवासारखा वाटायचा आणि त्याच वेळी त्याची चीडही यायची. माती भिंतीवरून ओघळावी तसा तो तिच्या चेहऱ्यावरून रोज थोडा थोडा ओघळत होता, आणि पाहायला कुणाला सवड नव्हती.

मग एका उन्हाळ्यात ती आई आजारी म्हणून तिकडे गेली. भाऊजी प्रेमळ माणूस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बायको येईस्तोवर पेटी लख्ख करून ठेवावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. आणि आमच्या जुन्नर भागातल्या माणसाला पाण्यातलं शेवाळ म्हटलं की एकच गोष्ट सुचते: मोरचूद. द्राक्षबागेला मोरचूद, शेततळ्यात शेवाळ झालं की मोरचूद. निळे खडे फडक्यात बांधून पाण्यात फिरवले की तळं नितळ. दुकानात पोती भरलेली. त्यांनी खडे आणले आणि पेटीतल्या पाण्याच्या हिशोबाने नव्हे, हाताच्या अंदाजाने पेटीत विरघळवले. मी तेव्हा कांद्याच्या खळ्यावर होते. घरी आले तर पाणी असं नितळ, की पेटी रिकामी वाटावी. शेवाळ गेलं होतं. सगळी आळी वाखाणत होती. "दिनकर भाऊ, मानलं राव!"

सकाळी मासे पोटं वर करून तरंगत होते. आणि दोन-तीन दिवसांत ते गवत, ते डोहातलं गवत, पात्यापात्याने तपकिरी झालं, बोट लावलं की विरघळायचं, भिजलेल्या कागदासारखं. सासूबाई काय म्हणाल्या असतील? "घरावरचं संकट माशांनी आपल्यावर घेतलं." त्यांनी हात जोडले! अहो, संकट फडक्यात बांधून तुमच्याच लेकाने आणलं होतं, माशांनी काय घेतलं? धरणाने त्या गावाला एकदा बुडवलं, निदान सरकारी कागद दाखवून बुडवलं. आमच्या घराने दुसऱ्यांदा बुडवलं, आणि वर औषध म्हणाले.

शालन आली. पेटीसमोर उभी राहिली. बाही वर सारली, हात आत घातला, वाळूत बोटं फिरवली, एकेक मूळ चाचपलं. सगळं आपलं खाली मान घालून. भाऊजी चाचरत म्हणाले, "मला वाटलं, तुला बरं वाटंल."

"पाणी झ्याक नितळलंय," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

आठवड्याने भाऊजींनी प्लास्टिकची झाडं आणली. "ह्याला शेवाळ धरत न्हाई," म्हणाले. धरलं की! पण शालनने त्या पेटीला पुन्हा हात लावला नाही. काच हिरवी होत गेली, तिने होऊ दिली. पाहुणे विचारायचे, आत काय आहे, आणि ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "काय न्हाई."

पुढच्या वैशाखात धरणाचं पाणी खाली गेलं तेव्हा ती मला म्हणाली, "आक्का, याल का माझ्याबरूबर?" आम्ही गेलो. भेगाळलेला गाळ, त्यात लोकांनी लावलेले वाल-भोपळ्याचे वेल, आणि मधोमध नदीचा एक बारका, गढूळ दोरा. डोहाची जागा तिने चटकन ओळखली. खाली बसली, ओल्या गाळात बोटं खुपसत वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेली, ऊन डोक्यावर येईस्तोवर. पाणी खोल साठलं की तळाला उजेड पोचत नाही. उजेड नाही तिथे गवत कुठलं राहणार? एक पातं मिळालं नाही. ती उठली, हात तसेच गाळाचे ठेवून म्हणाली, "चला आक्का. गाडी चुकंल."

अजूनही उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथल्या देवळाचं जोतं वर येतं, आणि लोक मोटारी घेऊन बघायला जातात, म्हणतात, गाव अजून आहे. दगडाला वर्षानुवर्षं पाण्याखाली थांबता येतं, जित्याला येत नाही. म्हणूनच की काय, गेलेल्या माणसाचं आपल्यापाशी जे उरतं ते कठीण आणि कोरडंच उरतं, आणि शालनचं माझ्यापाशी जे उरलंय, ज्याला मी इतका वेळ राग म्हणत आले, ते त्यातलंच एक जोतं असावं.