पेनड्राइव्ह कुणाचा?

तृप्तीनं पेनड्राइव्ह लावला, पण तिच्या प्रकल्पाचं फोल्डर काही उघडेना. फोल्डरच्या चित्रावर, कोपऱ्यात, एक बारीक बाण उमटला होता. शेजारच्या मुलीनं आपलं फोल्डर पाहिलं, तर तिथंही बाण. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "माझंबी तसंच झालंय." घनसावंगीच्या त्या कॉलेजातल्या संगणक कक्षात सगळ्यांचे हात थांबले आणि नजरा प्रियदर्शनी मॅडमकडे वळल्या.

प्रकल्प जमा करायची तारीख तोंडावर आली होती. प्रियदर्शनीनं तृप्तीचा पेनड्राइव्ह तपासला. त्यात व्हायरस निघाला आणि तिचा तोल गेला.

"तपासल्याशिवाय पेनड्राइव्ह लावू नका म्हणून घसा कोरडा केला मी. तुझ्या एकटीपायी सगळ्यांचं काम बुडालं, तृप्ती. बाहेर जाऊन बस."

"मॅडम, मी बाहेर कुठंच लावला न्हाई," तृप्ती हळूच म्हणाली. कुणी ऐकलं, कुणी नाही. ती दप्तर उचलून निघाली ती बाहेर न बसता तशीच जीपने गावाकडे गेली.

एरवी प्रियदर्शनी मुलांवर आवाज चढवणारी नव्हती. रोज जालन्याहून बसने यायची आणि कापसाच्या शिवारातून येणाऱ्या या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवायची. व्हायरस म्हणजे भूतबाधा नव्हे, माणसानंच खोडसाळपणानं लिहिलेला प्रोग्राम, असं ती सांगे. बोंडअळीसारखा. बोंड वरून धडधाकट दिसतं, फोडल्यावर कळतं. एका झाडावर पडली की शेजारचं वावर धोक्यात. तेवढ्यावर मुलांना सगळं समजायचं.

त्या दिवशी तिनं मुलांना धीर दिला. या व्हायरसनं फाइली पुसल्या नव्हत्या, फक्त लपवल्या होत्या आणि त्यांच्या जागी खोटे बाण ठेवले होते. बाणावर क्लिक केलं की तो आणखी पसरायचा. लपलेलं उघडं करून तिनं एकेकाचं काम बाहेर काढलं. तृप्तीचा पेनड्राइव्ह टेबलावरच राहिला होता, त्यातलाही प्रकल्प सुखरूप सापडला. पण तृप्ती दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. गावातल्या जीपच्या थांब्यावर ती दिसली की पोरं 'व्हायरस आली' म्हणून हसतात, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.

दुपारी कक्ष रिकामा असताना प्रियदर्शनी एकेक मशीन साफ करत होती. खिडकीजवळच्या मशीनवर ती थबकली. व्हायरसची फाइल त्यात शिरल्याची वेळ गोंधळ झाला त्या दिवशीच्या सकाळची होती, कक्ष मुलांसाठी उघडण्याच्या आधीची. तृप्तीनं तर पेनड्राइव्ह दुपारी लावला होता. त्या सकाळी या मशीनला एकाच माणसानं हात लावला होता. सरावाचे प्रश्न त्यावरून सगळ्या मशीनवर टाकायला ती स्वतः बसली होती.

पर्समधला आपला पेनड्राइव्ह तिनं तपासला. त्याच नावाची फाइल तिथं आधीपासूनच बसलेली होती.

मग तिला आठवलं. वडील, साहेबराव गुरुजी, जाऊन महिना झाला नव्हता. पुण्यानुमोदनाच्या, त्यांना आदरांजली वाहण्याच्या कार्यक्रमासाठी त्यांचा फोटो मोठा करून घ्यायला ती जुन्या जालन्यातल्या एका स्टुडिओत गेली होती. तिथल्या मशीनला दिवसभर कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागायचे. ती फोटोतल्या वडिलांच्या डोळ्यांकडे बघत राहिली होती. पेनड्राइव्ह परत घेतला आणि पर्समध्ये टाकला, तपासायचं सुचलंच नाही.

हे कुणालाच कळणार नव्हतं. मशीन पुसली की पुरावाही गेला. तिनं पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवला. मग कक्षाला कुलूप लावून जीपच्या थांब्यावर गेली आणि तृप्तीच्या गावाची जीप धरली.

तृप्तीची आई, चतुराबाई, दारात तूर पाखडत होती. मॅडम आल्यात म्हणताच तिनं सतरंजी टाकली, पाणी दिलं. तृप्ती आतल्या दाराला टेकून उभी राहिली. प्रियदर्शनीनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. व्हायरस माझ्याकडून आला, तृप्तीकडे तो आमच्याच मशीनमधून गेला, तिचा काही दोष नाही. प्रकल्पही शाबूत आहे, उद्यापासून तिला पाठवा.

चतुराबाईनं सूप बाजूला ठेवलं. व्हायरस म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण बाकीचं सगळं बराबर कळलं होतं.

"मॅडम, तुम्ही इथवर आलात, चांगलं केलं. पण तिला बोल्लात ते सगळ्यायसमोर. मंग हे बी तिथंच सांगा. घरात सांगून काय उपेग?"

प्रियदर्शनीनं मान डोलावली. चतुराबाई भाकरी टाकायला उठली, पण शेवटची जीप निघायच्या बेतात होती. घरी पोरगा वाट बघत असेल म्हणत प्रियदर्शनी घाईनंच निघाली.

दुसऱ्या दिवशी तृप्ती आली आणि मागच्या खुर्चीत बसली. हजेरी झाल्यावर प्रियदर्शनी फळ्यापुढे उभी राहिली. काल प्रवासात तिनं मनाशी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"व्हायरस तृप्तीनं आणला नव्हता," ती म्हणाली. "मी आणला. न तपासता लावला. आणि न तपासताच तिला बोलले."

तृप्ती मान खाली घालून कीबोर्डकडे बघत होती. प्रियदर्शनीनं धडा सुरू केला.

तास सुटला, मुलं पांगली. तृप्ती मात्र दारापाशी घुटमळली.

"आई म्हणून राह्यली, मॅडम इतक्या लांब आल्या अन् बिनजेवता गेल्या," ती म्हणाली. "रविवारी या म्हणली. सोबत पोराला बी आणा म्हणली."

तेवढ्यात खालून जीपचा हॉर्न वाजला आणि तृप्ती ओढणी सावरत जिना उतरून गेली. प्रियदर्शनी मशीन बंद करू लागली. शेवटचा पडदा काळा झाला, त्यात तिला आपला चेहरा दिसला, थकलेला, वडिलांसारखा. तिनं पदरानं पडद्यावरची धूळ पुसली आणि मशीनवर कव्हर ओढलं.