गोजरबाईच्या चटणीतलं त्याल

गोजरबाईला राग आला की चूल न पेटवता भात शिजायचा, असं वसतिगृहातल्या पोरी सांगायच्या. सोलापुरात मास्तरीण व्हायला आलेल्या त्या समद्या पोरींचं जेवण चौदा वर्षं तीच रांधत हुती. पन चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिला जो राग आला, त्यानं म्हनं गिरणीचा भोंगासुद्धा दुपारचा वाजायचा राहिला.

झालं असं, जेवणघराच्या फळ्यावर नव्या रेक्टर प्रभाताईंनी चिठ्ठी लावली. एका पोरीनं वाचून दाखवली, "स्वयंपाकिणीने तेल चोरले. सोमवारपासून तिला कामावरून काढले आहे."

त्या साली त्याल म्हंजी सोनं. डबा रेक्टरबाईंच्या कुलपात, आन् भिंतीवर त्यांनी मुंबैहून आणलेला पदार्थांचा इंग्रजी तक्ता. जितं 'फ्राय' लिवलंय तितं त्याल मिळायचं. जितं 'रोस्ट', तितं थेंब न्हाय.

गोजरबाई पदर खोचून थेट त्यांच्या म्होरं उभी. मागं पोरींची झुंड.

"चोरी कशाची वो बाई?"

"शेंगाचटणीची. शेंगा रोस्ट करायच्या होत्या, कोरड्या. तुमची चटणी तेलानं चमकतेय. म्हणजे तुम्ही फ्राय केल्या."

"फ्राय म्हंजी काय?"

"तळणं."

"आन् काल भेंडी परतली ती?"

"तेही फ्राय."

"तव्यावर अंडं सोडलं तर?"

"फ्रायच!"

"अगं बया! आमच्यात येवढ्या कामाला चार शब्द लागत्यात, साहेबानं एकट्या फ्रायलाच राबवून घेतलाय की!"

पोरी फिसकन हसल्या. रेक्टरबाई लालबुंद झाल्या. "मी डिग्री घेतलीय ह्याची. चमकतं ते तेल, आणि तेल फक्त माझ्या डब्यात असतं."

गोजरबाईच्या डोळ्यात पाणी न्हाय आलं, इंगळ आला. काम गेलं तर दुसरी चूल गावली असती. पन चोर म्हणून गेली, तर कोण तिला चुलीम्होरं उभी करणार हुतं?

"उठा," ती म्हणाली. "आज चटणी तुमी करायची."

"मी?"

"मी केली तर म्हणाल, पदरातनं त्याल सांडलं."

पोरी बघत हुत्या, मग बाई उठल्या. कोरड्या तव्यावर शेंगदाणे त्यांनीच भाजले. सालं पाखडताना निम्मी त्यांच्या केसात गेली. उखळात दाणे पडले, लसूण, तिखट, मीठ पडलं, आन् मुसळ त्यांच्या हातात.

"कुटा."

भुगा झाला. कोरडा ठणठणीत. "बघा," रेक्टरबाई दम खात म्हणाल्या, "कुठाय तेल?"

"थांबलात कशाला? माझ्यावरचा राग काढा की त्या दाण्यांवर! व्हय, आस्सं!"

बाईंनी खरंच राग काढला. असा काढला की म्हनं शेजारच्या गल्लीतले माग हालले. कुटता कुटता भुग्याचा गोळा झाला, गोळा मऊ पडला, आन् मुसळाच्या टोकाला त्याल चमकाय लागलं. बाईंनी गोळा उलथायला हात घातला, तर तळवे ओशट.

गोजरबाईनं त्यांचं मनगट धरून पोरींना हात दाखवला.

"बोला. हे कुणाच्या डब्यातलं? घेऊ का तुमची झडती?"

"मला माहीत नव्हतं, गोजरबाई."

"न्हाय ना म्हाईत? मग इचारायचं हुतं. हितं बोटाएवढ्या पोरीला इचारलं असतं तरी सांगितलं असतं!"

रेक्टरबाई चिठ्ठी फाडायला फळ्याकडं वळल्या.

"हात लावू नका!"

तिनं चिठ्ठी स्वतः काढली, टेबलावर पसरली आन् वर चटणीचा गोळा थापला. त्याल कागदात उतरलं. शाई फुटली, अक्षरं बुडाली.

"आता दुसरी लिवा. मोठ्या अक्षरात."

बाईंनी तितंच उभ्यानं लिवली, "तेल शेंगांचंच होतं. चूक माझी." फळ्यावर टाचली आन् पोरींच्या रांगेत जेवायला बसल्या.

गोजरबाईनं त्यांना भाकरी वाढली, चटणी वाढली. पन चौदा वर्षांत ताटावर बसलेल्या कुणालाही 'घ्या' म्हणायला ती चुकली नव्हती, ती त्या दिवशी चुकली.