चूक कोणी कळवली

मोंगू गावच्या हॉस्पिटलात नेटवर्कची खोली सांभाळणारी मी एकटीच. पूर्वी निदान नदीकाठच्या मैदानापलीकडे, तिकडच्या दवाखान्यात हेच काम करणारा अकुफुना होता. पूर आला की सगळं मैदान पाण्याखाली जातं, आणि पलीकडच्या दवाखान्याशी संबंध उरतो तो बोटीचा आणि मनोऱ्यावरच्या रेडिओचा. रोज सकाळी आठला त्याची एक ओळ यायची, ‘नासिलेले ताई, उठलात की नुसत्याच येऊन बसलात?’ मी त्याला दोन शब्द सुनवायचे, आणि माझा दिवस सुरू व्हायचा.

आमचे अहवाल रेडिओवरून छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, तिकडे जातात. मार्चमध्ये अकरा रुग्णांचे रक्ताचे अहवाल तिकडे पोचलेच नाहीत. त्यातली एक बाई पार खंगून बोटीने इकडे आली, तेव्हा कुठे कळलं.

“ताई, आईशप्पथ, मला काही आलं नाही,” अकुफुना फोनवर म्हणाला. “तुमच्याच बाजूला काहीतरी अडतंय.”

“माझ्या बाजूला?” माझं डोकंच फिरलं. “अरे, आकडा समोर आहे माझ्या! सगळी पॅकेटं गेली, हरवलेली शून्य. स्वतः झोपा काढतोस आणि वर मला शिकवतोस?”

साहेबांनी लेखी मागितलं. चूक अकुफुनाची, असं मी लिहून दिलं आणि खाली झोकात सही ठोकली. आठवड्याभरात त्याची नोकरी गेली. तेव्हापासून आठ वाजतात आणि मला कुणी काही विचारत नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा असतो.

गेल्या महिन्यात धूळ पुसायला मी अहवाल पाठवणाऱ्या मशीनची केबल उपसली. केबल माझ्या हातात, आणि पडद्यावर ‘गेलेली पॅकेटं’ आपली वाढताहेत! पाचशे बारा, पाचशे वीस. जातायत कुठे, माझ्या डोक्यात? म्हणजे मार्चमधला माझा आकडाही खोटाच.

तीन दिवस ड्रायव्हर वाचत बसले, म्हणजे नेटवर्क कार्डाला कामाला लावणारा प्रोग्रॅम. चूक एका ओळीची. पॅकेट कार्डाच्या हाती दिलं, की हा गाढव ‘गेलं’ म्हणून मोजून मोकळा. ते खरंच बाहेर पडलं का, हे कार्ड नंतर सांगतं. तेवढं ऐकायला हा थांबायचाच नाही. मी ती ओळ खाली नेली, कार्डाच्या होकारानंतर. पुन्हा केबल उपसली. आकडा हलला नाही. तिथेच खुर्चीत बसून मी रडले.

हा ड्रायव्हर जगभरातले लोक मिळून सांभाळतात, सगळं ईमेलवर. मी दुरुस्ती पाठवली. कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं, ‘दुरुस्ती बरोबर आहे. चूक कळवणाऱ्याचं नाव खाली लावतो आपण, ते राहिलं. त्यांना विचारून लावा.’

विचारून! पाच महिने ज्याला फोन करायची माझी हिंमत झाली नव्हती, त्याला. तो आता मामाबरोबर मासे धरतो, एवढं कानावर आलं होतं. शेवटी लावला फोन.

“कोण?”

“मी. नासिलेले.” त्याने काही बोलायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, केबलचं, त्या ओळीचं. “तू खरं बोलत होतास रे. तुझं नाव लावते. जगभर दिसेल, कायमचं.”

“जगात मला कोण ओळखतं, ताई?” तो हसला, आणि ते हसणं मला लागलं. “इथे धक्क्यावर ओळखतात. हा झोपला म्हणून ती बाई मरणाच्या दारात गेली, म्हणतात. तिकडे लावा हवं तर. पण तुमची सही आहे ना, तो कागद आधी बदला.”

“माझी नोकरी जाईल, अकुफुना.”

“जाईल,” तो म्हणाला. “माझी गेलीच की.”

फोन मात्र त्याने ठेवला नाही. पलीकडे पाण्यात वल्हं पडल्याचा आवाज येत होता.

मी फोन तसाच चालू टेबलावर ठेवला आणि साहेबांना द्यायला कोरा कागद ओढला. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेले. चूक कळवणारा, त्याचं पूर्ण नाव. न तपासता त्याला खोटं पाडणारी, माझं.

“ऐकू आलं का?” मी विचारलं.

“आलं,” तो म्हणाला.

मग मी सही केली.