न शिजलेला खडक

प्रयोगशाळेत बाईंना एकतीस वर्षं झाली होती. जमिनीखालून आलेला खडक भट्टीत तापवायचा, त्यातून काय सुटतं ते मोजायचं आणि त्यात कधी तेल तयार झालं होतं का, ते सांगायचं. त्यांच्याच अहवालावरून त्या खोऱ्यात तीन विहिरी खोदल्या गेल्या. तिन्ही कोरड्या निघाल्या. आता चौथीसाठी रिग उभी राहत होती. तिथली खोदाई सांभाळत होते त्यांचेच धाकटे दीर, आठ महिने घराबाहेर.

तेल आहे, वाटेत कुठेतरी निसटतंय, असं सगळे म्हणत. बाईंना ते पटेना. त्यांनी कपाटातले जुने नमुने काढले, दोन दिवस द्रावकात धुतले आणि पुन्हा तापवले. आलेखात तयार तेलाची जागा जवळजवळ सपाट आली. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मोजलं ते खडकाचं तेल नव्हतंच. खोदताना भोकात सोडतात त्या चिखलात डिझेल होतं, तेच खडकात मुरलं होतं. खडक तसा चांगला होता, जुन्या शेवाळाने भरलेला. पण पुरेसा खोल कधी गाडलाच गेला नाही, म्हणून शिजला नाही.

बाईंना रडू आलं नाही. त्या नवा अहवाल लिहायला बसल्या.

साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं ते आडून आडून सुचवत राहिले. दीड वर्षात निवृत्ती, उगाच कशाला ओढवून घेता?

"पहिल्या अहवालावर सही माझी आहे," बाई म्हणाल्या. "याच्यावरही माझीच राहू द्या."

पंधरा दिवसांत चौथी विहीर रद्द झाली. बाईंचं टेबल ग्रंथालयात हलवलं. त्यांनी तक्रार केली नाही. तेवढी ताकदच उरली नव्हती.

दीर दुपारी घरी आले ते वाळलेले, काळवंडलेले. पाण्याचा तांब्या हातात देतानाच बाईंनी त्यांना सगळं सांगून टाकलं. भाऊजी चिडतील, असं त्या धरूनच चालल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, अजून किती खाली जायला हवा होता तो खडक?

"हजारभर मीटर तरी."

"आणि तेवढं जायला किती वेळ?"

"दोन-चार कोटी वर्षं."

"मग वहिनी, तोवर मी जरा पडतो," म्हणत ते सोफ्यावर आडवे झाले आणि बोलता बोलता घोरू लागले.

बाईंनी पडदा ओढला. समोरच्या खुर्चीत टेकल्या, आणि कित्येक आठवड्यांनी त्यांचाही डोळा लागला.